समुद्रात चाकं भिजवली तो माघ

माघ लागला की आमच्या कुरुळीला अजून कांद्याचा वास येतो. आता रान राहिलंय किती म्हणा! दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये सापडलेली आमची एक पट्टी, तेवढंच. पण कांदा उपटून, पात न कापता ओळीनं मांडून ठेवला, वर दुपारचं ऊन पडलं, की त्या वाळत्या पातीचा जो गोडसर, नाकात चढणारा वास सुटतो तो भिंतीबिंतीला जुमानत नाही. शिफ्ट सुटून बसची वाट बघणारी पोरं त्या वासानं भुकेजतात. मी मात्र त्या वासानं थेट समुद्रावर जाते. तुम्ही म्हणाल, म्हातारीचं काहीतरीच. कुठं कांदा, कुठं समुद्र! पण माझ्या डोक्यात या दोघांची गाठ एकदा जी पडली ती काही सुटत नाही. आणि मीही सोडवत बसत नाही.

यंदा त्यात भर घातली नातीनं. आमची सायली नवऱ्याला, निखिलला, घेऊन परदेशात मोटार चालवत हिंडतेय. पोर्तुगाल नावाचा देश, त्याच्या कडेनं अटलांटिक नावाचा महासागर, आणि त्याच्या कडेकडेनं ही दोघं. घाई नाही, गडबड नाही. आवडलं की थांबायचं, उठावंसं वाटलं की निघायचं. रोज फोनवर फोटो येतात. उंच कडे, खाली पांढरा फेस, आणि मध्येच कुठंतरी त्यांची लिंबाएवढी दिसणारी मोटार. परवा म्हणते, "आजी, तू आणि आजोबा असे कधी फिरलाच नसाल ना गं? तुमच्या वेळी कुठलं हनिमून!"

मी म्हटलं, "थांब सटवे, सांगते." पण फोनवर सांगून भागणारी ती गोष्ट नव्हे. म्हणून लिहायला घेतलंय.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन दोन उन्हाळे उलटले होते, आणि तरी नवऱ्याचा आवाज मला भिंतीपलीकडूनच जास्त ओळखीचा. घर माणसांनी भरलेलं. सासरे ओट्यावर, सासूबाई चुलीपाशी, मधल्या दारात कुणी ना कुणी चुलतसासू. सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि सगळ्यांच्या आड बोलायला आड म्हणून जागा नाही. त्यात नाव तर घ्यायचंच नाही. माझ्या नवऱ्याचं नाव ग्यानबा. आळंदी आमच्यापासून जवळ, गावात दर एकादशीला भजन. सगळा गाव "ग्यानबा-तुकाराम" म्हणे, आणि मी ओठ मिटून थांबे, मग नुसतं "तुकाराम" म्हणे. सगळ्या बायांत अर्ध्या तालावर उगवणारी मी एकटी. शेजारची शेवंता मला कोपरानं ढोसून हसायची.

ही शेवंता माझ्या जिवाला लागलेली बाई. तिचा नवरा मुंबईच्या गिरणीत. होळीला यायचा आणि गणपतीला यायचा. दारात आला की तिची पोरं कणगीमागं लपायची आणि तिथून ओरडायची, "आये, पावणं आलं!" शेवंता हसायची. पण ती हसू लागली की मला माझ्या हातातलं काम दिसेनासं व्हायचं.

कारण त्याच साली पिंपरीला कारखाना उभा राहत होता आणि ह्यांना तिथं काम लागलं होतं. पाडव्यापासून हजर व्हायचं. दापोडीला रेल्वेच्या कडेला चार पुरुषांत एक खोली, जेवायला खानावळ. घरात आनंदीआनंद. मला कुणी काही विचारलं नाही. मला विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. लेक कामाला जाणार, सून घरी राहणार, सुट्टी मिळेल तेव्हा तो येणार. आता दापोडी काही मुंबई नव्हे. पण मागं ठेवलेल्या बाईला अंतर सगळं सारखंच. मला बरोबर जायचं होतं. एवढीच गोष्ट. पण ती सांगायची कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

दर माघात सासरे कांद्याची गाडी घेऊन कोकणात उतरायचे. कांदा द्यायचा, बदल्यात तांदूळ, नारळ, मीठ आणायचं. त्या माघात बांधावरून घसरून त्यांचा घोटा सुजला. मग ह्यांनी जायचं ठरलं, आणि सासूबाईंना घोर पडला. गळ्यात माळ असलेली बाई. त्यांच्या मते कोकणात पाण्यालासुद्धा मासळीचा वास.

"पोरगं कुठल्या बी खानावळीत जेवंल आन बाटून यील," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "हिला धाडा संगं. भाकरी थापंल."

"बाईमाणूस? गाडीवर? पार कोकणात?"

"मग जावा तुमी, त्या पायानं."

असा माझा हनिमून ठरला. मासळीवर राखण म्हणून.

तळेगाव मागं पडलं तरी आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. ते पुढं धुरेवर, मी मागं गोण्यांवर, तोंड उलट दिशेला. मला गेलेला रस्ता दिसे, त्यांना येणारा. त्यांचं सगळं बोलणं बैलांशी. "हौशा, नीट चाल की रं." "पाखऱ्या, दम खा जरा, तुझंच घर हाय पुढं?" इतकं मऊ बोलायचे! खरं सांगते, मला त्या बैलांचा हेवा वाटला. शेवटी लोणावळ्याच्या अलीकडं पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मीही बैलाशीच बोलले.

"हौशा, मालकाला इचार, भाकरी आता खायची का पुढं?"

चाबकाची दोरी हवेत थांबली. मागं न बघता उत्तर आलं, "पाखऱ्या, म्हणावं पुढं वढ्याला पाणी हाय. तितं."

बस्स. वाट सापडली. हौशा माझा आणि पाखऱ्या त्यांचा. दोन मुकी जनावरं मध्ये घालून आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा बोलायला लागलो. मी म्हणे, हौशा, मालकाला म्हणावं डोक्याला बांधा काहीतरी, ऊन लागंल. ते म्हणत, पाखऱ्या, तिला सांग गोणीवर नीट बस, घाट हाय. घाट उतरताना ते बैलांच्या तोंडाशी आणि मी चाकाशेजारून पायी, चाक सुटलंच तर अडवायला हातात हा एवढा दगड घेऊन. खाली खोपोलीला पोचलो तेव्हा मी तो दगड टाकला, तर म्हणाले, "पाखऱ्या, बाई धीराची हाय रं." बैल कान हलवून माशी मारत होता. मी मात्र पुढचा कोसभर पदरात तोंड घालून हसत होते.

खाली कोकणची हवाच निराळी. आमच्याकडं माघात ओठ फुटतात. तिथं अंगाला कुणीतरी ओलं फडकं लावल्यासारखं. कापून गेलेली भातखाचरं, त्यात वालाचे वेल. वाटेत एका आगरी बाईनं मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा दिल्या, वर एक कांदा मागून घेतला. पुढं मिठागरं लागली. पांढरे ढीगच्या ढीग. हौशानं जाता जाता एका ढिगाला जीभ लावली आणि मग पाऊल उचलायला तयार होईना. पाखऱ्याही लागला चाटायला. ओढून ओढून ह्यांचे हात दुखले. मिठागराचा माणूस लांबून ओरडला, "ओ घाटी! बैलांना जेवायला घातलंत, आता तुमीपन बसा!"

आणि मग एका उतारावरून समुद्र दिसला. मी गोणीवरून उभी राहिले. मला वाटलं होतं, मोठी नदी असेल, पलीकडचा काठ जरा लांब असेल. पण याला पलीकडच नव्हतं. ऐन भरातल्या ज्वारीच्या रानावर वारा येतो तेव्हा रान जसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकतं, तसं ते पाणी वाकत येत होतं.  

बैलगाडीनं जग बघायचं एक सुख आहे, ते सायलीला मोटारीत कसं कळावं? समोर दिसलेलं माडाचं झाड दुपारभर आपल्याकडं चालत येतं. आधी काडी, मग कुंचा, मग झाड, मग त्याची सावली आपल्या मांडीवर, आणि मग पुन्हा मागं मागं काडी. मी उलटी बसलेली, म्हणून मला मागं जाणारी झाडं जास्त पाठ. एका गावात बांबूंवर ओळीनं काहीतरी वाळत होतं. मी म्हटलं, एवढ्या चिंध्या कुणाच्या? ते बोंबील निघाले. सासूबाईंची आठवण होऊन मी नाकाला पदर लावला, आणि थोड्या वेळानं हळूच काढला.

सासऱ्यांनी सांगून धाडलं होतं, अमक्या गावच्या वाण्याकडं जायचं, सगळा माल त्याच्या वखारीत उतरवायचा आणि माघारी फिरायचं. ते गाव आलं. ह्यांनी तिथं दोनच गोण्या उतरवल्या. म्हणाले, "पाखऱ्या, बाकीचं पुढं बघू." पुढच्या गावात अर्धी गोणी. त्याच्या पुढं थोडे पाटीभर. दर गावाला "पुढं बघू." चाकणच्या बाजारात डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडी रिकामी करणारा हा माणूस, आणि इथं चिमणीला दाणे टाकल्यासारखे कांदे देत चाललेला! माझ्या उशिरा लक्षात आलं. गाडी रिकामी झाली की घरी फिरावं लागणार होतं.

ते लक्षात आलं आणि मला जोर चढला.

"हौशा," मी म्हटलं, "पिंपरीला मालकाची भाकरी कोण थापणार रं?"

गाडी खडखडत राहिली. मग, "पाखऱ्या, तितं खानावळ हाय म्हणावं."

"हौशा, खानावळीची भाकरी जाड असती का पातळ?"

"पाखऱ्या, मला काय ठावं!"

"हौशा, आन मालकाला ताप आला, तर खानावळवाली उशाशी बसती का?"

यावर त्यांनी नुसती पाखऱ्याची शेपूट पिळली.  मी मनात म्हटलं, झालं. याच्या जिभेपेक्षा याचे बैल बरे.

आता चाकांची गोष्ट. आमच्याकडं उन्हं वाढू लागली की गाडीच्या चाकाचं लाकूड आकसतं आणि त्यावरची लोखंडी पट्टी ढिली होते. तिला आम्ही धाव म्हणतो. धाव खुळखुळायला लागली की शहाणा गाडीवान काय करतो, तर गाडी नदीत नेऊन उभी करतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव घट्ट बसते. इंद्रायणीच्या काठी अशा गाड्या संध्याकाळच्या म्हशींसारख्या डुंबत उभ्या असायच्या. घाटातल्या खडखडीनं आमच्या डाव्या चाकाची धाव वाजायला लागली होती. एका कोळीवाड्याबाहेर आम्ही थांबलो. दुपार कलत होती. समोर लांबच लांब ओली वाळू, आणि तिच्या टोकाला घोट्याएवढं शांत पाणी.

ह्यांनी पाण्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, आणि गाडी नेऊन त्या पाण्यात उभी केली. उरलेल्या कांद्यासकट. बैल सोडून वर सुरूच्या झाडांना बांधले.

मी म्हटलं, "हौशा, ह्ये पाणी लई हलतंय."

"पाखऱ्या, हलू दे म्हणावं. माघाच्या महिन्यात कुठल्या पाण्याला पूर येतुय?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू! आमच्या माहितीतलं पाणी पावसाळ्यात वाढायचं. बाकीचे महिने ते आपलं खाली खाली जायचं. मी तीन दगडांची चूल मांडली, पीठ मळायला घेतलं. ते सुरूला टेकून बसले. वाऱ्यानं सुरूची झाडं बासरीत फुंकर चुकल्यासारखी वाजत होती. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! दोन भाकरी झाल्या असतील, तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण वाळूतून चालत आली, आमच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं, आणि पाटी खाली ठेवली.

"अगो बाय, ती गारी तुमची का?"

"व्हय."

"दर्यान कशाला घातलीव?"

"चाकं भिजवायला."

ती कमरेवर हात ठेवून आधी पोटभर हसली, आणि मग ओरडली, "चाकं कनची गो, कांदं पन भिजतीन आता! भरती लागलीय, भरती!"

मी वळून बघितलं. वाळू नव्हतीच. जिथं आम्ही मघाशी चालत आलो तिथं पाणी होतं, गाडी अर्धी बुडाली होती, आणि पाळण्यासारखी हलत होती. एक गोणी आडवी होऊन फाटली आणि कांदे एकामागून एक टुपटुप पाण्यात उतरले. लाल कांद्यांची ती रांग लाटेवर चढायची, उतरायची. अंघोळीला निघालेली पोरंच जशी.

ह्यांनी धोतर खोवलं आणि धावत आत गेले. आमच्या विहिरीत खोल बुडी मारून तळाची वाळू वर आणणारा माणूस. पाण्याला काय भिणार! पण विहिरीचं पाणी पाठीमागून येऊन मारत नाही. ते गाडीच्या चाकाला खांदा लावून काठाकडं रेटू लागले, पाठ समुद्राकडं. आणि मला दिसलं, त्यांच्या मागं एक लाट उठत होती. आधीच्या लाटांसारखी नव्हे. भिंत.

मी ओरडले, "अवं!"

वारा माझ्या तोंडावर. आवाज माझ्याच तोंडात परत आला.

"अवं, मागं बघा! अवंऽ!"

काही नाही. खांदा चाकाला, मान खाली. आणि मग, बरं का, मी काही ठरवलं नाही, विचार केला नाही. दोन वर्षं प्रत्येक एकादशीला ओठांमागं अडवून ठेवलेलं ते नाव आपोआप बाहेर पडलं.

"ग्यानबाऽऽऽ!"

ते वळले. त्यांनी लाट बघितली, आणि चाकाच्या आऱ्यांत दोन्ही हात घालून गाडीला मिठी मारली. लाट वरून गेली. गाडी नाही, माणूस नाही, नुसता फेस.  मग फेसातून आधी गाडीची एक बाजू वर आली, मग एक डोकं. खोकत, खारं पाणी थुंकत उभे राहिले. आणि त्या सगळ्या गोंधळात गाडीकडं बघितलं नाही, कांद्यांकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत राहिले. जसं काही मी आत्ताच कुठूनतरी तिथं आले होते.

मग कोळीवाडाच धावला. पुरुषांनी गाडीला दोर बांधून, ताल धरून ती वर ओढली. बायकांनी पाट्या घेतल्या आणि पाण्यात शिरून कांदे वेचले. रानातून कांदे वेचणाऱ्या बाया मी जन्मभर बघितल्या, पण समुद्रातून कांदे काढणाऱ्या तेवढ्याच. सगळे आणून माझ्यासमोर ओतले. भिजलेला कांदा काही टिकणारा नव्हता, म्हणून मी तो तिथंच सगळ्या घरांना वाटायला लागले, तर कुणी नारळ आणून टाकले, कुणी तांदूळ, कुणी मीठ. सासऱ्यांच्या वाण्यानं भरली नसती एवढी गाडी भरली. त्या संध्याकाळी अख्ख्या कोळीवाड्याच्या चुलींवर चाकणचा कांदा परतत होता आणि वास असा सुटला होता की मला क्षणभर कुरुळीतच असल्यासारखं वाटलं. आम्हाला जेवायला बसवलं. पानात काय काय होतं, आणि त्यातलं मी काय काय खाल्लं, ते विचारू नका. सासूबाई वर बसून ऐकत असतील.

ती पहिली कोळीण, पारूबाय तिचं नाव, माझ्या शेजारी येऊन बसली. मी मान खाली घालून बसले होते. भर गावात नवऱ्याचं नाव घेतलं होतं!

"लाजतंस कशाला गो?" ती म्हणाली. "दर्या काय तुजं 'अवं' वळखतंय? आमी तं कडेला उभं र्‍हाऊन नावानं बोंबलताव. दर्याला समजाया नको, कोनाचा मानूस कंचा?"

दुसऱ्या सकाळी निघालो. डाव्या चाकाची धाव अशी घट्ट बसली होती की चाक गुपचूप चाललं होतं. ते धुरेवर बसले नाहीत. गाडीच्या बाजूनं, माझ्या बाजूनं चालत होते.  मी आपली सुरुवात केली, "हौशा, मालकाला म्हणावं..."

"हौशाला नगो सांगू," ते म्हणाले. "मला सांग."

इतक्या दिवसांचं पाठ केलेलं सगळं मी विसरले. खानावळ, भाकरी, ताप, शेवंता, काही आठवेना. मी म्हटलं, "मला तुमच्यासंगं यायचंय."

ते चालत राहिले. एक अख्खं माडाचं झाड काडीपासून सावलीपर्यंत आलं आणि मागं गेलं.

"दादांम्होरं बोलाया लागंल," शेवटी म्हणाले. वडलांना ते दादा म्हणत.

"मग बोला की."

"त्यापरास समुद्र बरा."

पण हसले. ते असे दात दाखवून हसतात हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी, त्या खाडीकाठच्या रस्त्यावर कळलं.

घरी पोचलो. सासऱ्यांनी लंगडत येऊन गाडी बघितली आणि खूश झाले. सासूबाई मात्र गाडीभोवती फिरल्या, गोणीला हात लावला, बोट जिभेला लावलं. "ह्या गोण्या खारट कशा?"

सगळं घर ओट्यावर. मी दाराआड. ह्यांनी खाली बघत सगळं सांगितलं: चाकं, पाणी, लाट. "हिनं हाक मारली म्हणून वाचलो."

"काय म्हणून हाक मारली?" चुलतसासूनं विचारलं. तिला बरोबर तेवढंच ऐकू आलं.

  आणि मग ज्या माणसानं बापासमोर कधी मान वर केली नव्हती त्यानं ती केली.

"नावानं मारली," ते म्हणाले. "आन दादा, पिंपरीला मी हिला घिऊन जाणार हाय. येगळी खोली बघतो."

सासरे बायकोकडं बघायला लागले. आमच्या घरात अशा वेळी सगळेच तिकडं बघत. सासूबाईंनी आत जाऊन भाकरीचा तुकडा आणला, आधी लेकावरून उतरवला, मग माझ्याजवळ येऊन माझ्यावरूनही उतरवला, आणि लांब टाकला. नावाबद्दल एक शब्द नाही. मग पदराला हात पुसत लेकाला विचारलं, "तितं त्या खानावळीत मासळी शिजती का रं?"

ह्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "रोज शिजती."

"मग ही जाईल," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्यासाठी तवा-परात काढायला आत गेल्या.

पुढं दापोडीला गेल्यावर मी ती खानावळ पाहिली. चालवणारी विधवा बाई गळ्यात तुळशीची माळ घालणारी. मासळी सोडा, एकादशीला कांदासुद्धा चिरत नसे. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते रेल्वेकडं बघत होते.

आमची खोली लहान होती. पण तिला दार होतं आणि दाराआड बोलायला जागा होती. दोन बैल मागं राहिले तरी आमचं अडलं नाही. कामावरून येताना त्यांची शीळ ऐकू यायची, मी चूल फुंकायची. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून पाटी घेऊन मी अक्षरं गिरवायला लागले, त्यावरच हे आज लिहितेय. आमची पोरं बापाला बघून कणगीमागं कधी लपली नाहीत. उलट त्याच्या डब्यात काय उरलंय ते बघायला त्याच्या अंगावर चढायची. नोकरी संपल्यावर आम्ही दोघं परत कुरुळीला आलो.

काल संध्याकाळी सायलीचा फोन आला, तोंड दिसणारा. मागं हा मोठा समुद्र, केस वाऱ्यानं उडतायत. "आजी, बघ! केवढ्या लाटा आहेत! आजोबांना दे ना."

आजोबा पट्टीच्या कडेला बसून कांद्याची पात वरखाली करत होते. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी म्हटलं, "अहो!" काही नाही. "अहो, सायली बोलावतीय!" मान खालीच. मग मी पदर खोवला आणि हाक मारली, "ग्यानबाऽऽ!" कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. हे वळले. अजून तसेच वळतात. जसं काही मी आत्ताच कुठूनतरी आले.

फोन हातात घेऊन त्यांनी डोळे बारीक केले. नातीकडं नाही, तिच्या मागं बघत होते.

"मोटार कुठं लावलीया?"

"इथंच आजोबा, खाली वाळूवर. निखिल फोटो काढतोय तिकडं."

"पाणी किती लांब हाय?"

"आहे की लांब... अय्या!"

मग फोनमध्ये नुसती वाळू आणि आभाळ एकमेकांवर आपटायला लागलं. सायली पळत होती. वाऱ्यावरून तिचा आवाज आला, "निखिल! निखिऽऽल!"

तेवढं मात्र ह्यांना ऐकू गेलं.

"शिकली पोरगी," म्हणाले, फोन माझ्या हातात दिला, आणि पुन्हा कांद्याची पात परतायला लागले.